दुष्काळात नाही, तिकडं दरवर्षीच तेरावा महिना : इथिओपिया एक्स्पोर्ट वर्कशॉपचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, पाचपैकी तीन स्टार. त्यातला एक स्टार दुसऱ्या दिवशी दुपारी आलेल्या रिटायर्ड बँकवाल्या साहेबांचा, एक जेवणाचा आणि एक इथिओपिया देशाचा, आयोजकांच्या वाट्याला तसं बघायला गेलं तर काहीच राहत नाही.

होटगी रोडच्या एका हॉलमध्ये शनिवार रविवार असं दोन दिवसांचं होतं, फी ९,००० अधिक जीएसटी म्हणजे १०,६२० गेले. आयोजकांचं नाव लिहित नाही, उगाच वाद नको, पण सोलापुरात टॉवेल, चादर, युनिफॉर्मच्या धंद्यात असाल तर तुमच्याही व्हॉट्सॲपवर ते पोस्टर येऊन गेलं असणार. "८ टक्क्यांनी वाढणारा देश, तुमचा माल वाट बघतोय" असं काहीतरी लिहिलेलं, आणि मागं एका उंच बिल्डिंगचा फोटो. माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. मी गेलो कारण इथिओपियाला मी एकदा माल पाठवलाय आणि त्यात चांगलाच भाजलोय, म्हणलं आपलं नेमकं काय चुकलं ते तरी कळेल.

पहिल्या दिवशीचे स्पीकर सर आदल्या रात्री वंदे भारतनं आले होते. बोलायला एकदम फर्डे. सुरुवातच केली की इथिओपिया म्हणलं की तुम्हाला काय आठवतं, आणि सगळ्या हॉलनं एका सुरात "दुष्काळ" म्हणलं. साहजिक आहे, १९८४ चे ते फोटो आमच्या पिढीनं पेपरात बघितलेत. पण दुष्काळ म्हणजे काय हे सोलापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही, आपला ७२ चा आणि त्यांचा ७३ चा, आपल्याकडं रोजगार हमीची कामं निघाली आणि त्यांच्याकडं त्यानंतर वर्षभरात राजाची गादीच गेली, हैले सेलासीची. हे सर बोलले नाहीत हां, हे मी शेजारच्याला सांगत होतो.

मग स्लाइडवर स्लाइड. लोकसंख्या १२ कोटींच्या वर, आफ्रिकेत नायजेरियानंतर दुसरा नंबर. २००४ पासून पुढं पंधराएक वर्षं सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढ, मधे करोना आणि तिग्रे या त्यांच्याच प्रांतातलं युद्ध झालं तरी गाडी पुन्हा ८ वर. निळ्या नाईलवर ५,१५० मेगावॅटचं धरण बांधलं, २०११ ला काम सुरू आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन, पैसा बराचसा त्यांच्याच लोकांनी बॉण्ड घेऊन आणि पगारातून कापून दिला. आदिस अबाबा ते जिबुती साडेसातशे किलोमीटरची इलेक्ट्रिक रेल्वे. सरकारी मालकीची इथिओपियन एअरलाइन्स, आफ्रिकेतली सगळ्यात मोठी, फायद्यात चालते (हे ऐकल्यावर हॉलमध्ये जे हसू आलं ते आपल्या जुन्या सरकारी विमान कंपनीच्या आठवणीनं). हे सगळं खरं आहे, एकही गोष्ट खोटी नव्हती. मला राग आला तो यात काय सांगितलं नाही त्याचा.

बघा, त्या स्लाइडवर २०२३-२४ ची ८.१ टक्के वाढ मोठ्या अक्षरात होती. त्याच वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, या देशाला आपल्या डॉलर बॉण्डचं ३ कोटी ३० लाख डॉलरचं व्याज भरता आलं नाही, म्हणजे देश डिफॉल्टमध्ये गेला. १२ कोटींचा देश, ८ टक्के वाढ, आणि ३ कोटी डॉलरला अडला! आपल्या भाषेत सांगायचं तर लूम चोवीस तास चालू, माल धडाधड निघतोय, आणि शनिवारी कामगारांचा पगार करायला गल्ल्यात कॅश नाही. हे तर सोलापुरात कुठल्याही कारखानदाराला लगेच कळेल, पण सरांनी सांगितलंच नाही, कारण सांगितलं असतं तर पुढची "पॅकेज" विकली गेली नसती ना.

आता माझी गोष्ट सांगतो, थोडी लांब आहे. २०२२ मध्ये मुंबईच्या एका ओळखीच्या दलालामार्फत आदिसच्या एका पार्टीची ऑर्डर आली, हॉटेलसाठी पांढरे टॉवेल. आदिसमध्ये हॉटेलं भरपूर कारण आफ्रिकन युनियनचं मुख्यालय तिथंच, यूएनची ऑफिसं तिथंच, सारख्या परिषदा. ३० बाय ६० इंच, ४५० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजन), डॉबी बॉर्डर, एक टॉवेल साधारण ५०० ग्रॅमचा, भाव अडीच डॉलर. एक वीस फुटी कंटेनर. पेमेंटची अट कॅश अगेन्स्ट डॉक्युमेंट्स, म्हणजे आपली कागदं त्यांच्या बँकेत जाणार, पार्टीनं पैसे भरले की बँक कागद सोडणार, पार्टी माल सोडवणार. मला वाटलं एकदम सेफ. पार्टीनं पैसे भरले की हो! प्रामाणिक माणूस, बिर म्हणजे त्यांचं चलन, ते पूर्ण भरून मोकळा झाला. पण बँकेकडं ते बिर डॉलर करून आम्हाला पाठवायला डॉलरच नव्हते. रांग. आज येतील, पुढच्या आठवड्यात येतील, औषधं आणि खताला आधी नंबर, टॉवेलवाला शेवटी. त्यात ऑक्टोबर २०२२ ला त्यांच्या सरकारनं मोटारगाड्यांपासून मेकअपच्या सामानापर्यंत ३८ प्रकारच्या मालाला डॉलर द्यायचंच बंद केलं, आमचा माल त्यात नव्हता पण बातमी वाचून दोन रात्री झोप लागली नाही. पाच महिने कंटेनर पडून, भाडं वाढतंय, इकडं माझा सूतवाला रोज सकाळी चहाला येऊन बसायचा. चहाला म्हणजे उधारी मागायला.

आणि गंमत ऐका. त्या काळात पार्टी एकदा म्हणाली की उद्या ३ वाजता बँकेत बसून तुम्हाला फोन लावतो, मॅनेजरशी डायरेक्ट बोला. मी हिशोब केला, ते आपल्यापेक्षा अडीच तास मागं, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. साडेपाचला मी केबिनचं दार लावून, फोन चार्जिंगला लावून, बायकोला सांगून की आता डिस्टर्ब करू नको, असा बसलो. फोन आलाच नाही. मग बघतो तर सकाळी साडेअकराला सात मिस्ड कॉल, मी तेव्हा लूमवर, त्या खडखडाटात कुठं ऐकू येतंय. तेव्हा कळलं की तिकडं घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १ वाजला, ९ म्हणजे ३. वर्ष पण आपल्या कॅलेंडरपेक्षा सात-आठ वर्षं मागं, नवीन वर्ष सप्टेंबरात, आणि महिने तेरा! बारा महिने तीस तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. आपण दुष्काळात तेरावा महिना म्हणतो ना, त्यांच्याकडं तो दरवर्षीच येतो, आणि ते त्याची जाहिरात पण करायचे, "तेरा महिने ऊन" असं म्हणून पर्यटक बोलवायचे. वर्कशॉपमध्ये हे घड्याळाचं आणि कॅलेंडरचं एका शब्दानं सांगितलं नाही. १०,६२० मध्ये एवढं तरी सांगायचं की, प्रोफॉर्मावर (आधी पाठवायच्या कच्च्या बिलावर) तारखेचा घोळ झाला तर माणूस बसतो बोंबलत.

दुपारचं सत्र "इथिओपियात कारखाना टाका" असं होतं आणि इथं मात्र मला उठून बोलायला लागलं. सर म्हणाले हवासा नावाचं इंडस्ट्रियल पार्क आहे, आदिसच्या दक्षिणेला, २०१६ ला सुरू झालं, मजुरी एकदम स्वस्त, आणि तिथून शिवलेला कपडा अमेरिकेत ड्युटी न भरता जातो. मी हात वर केला, म्हणलं सर ती अमेरिकेची सवलत युद्धामुळं १ जानेवारी २०२२ ला इथिओपियाची काढून घेतली ना? ज्या अमेरिकन कंपनीच्या भरवशावर ते पार्क उभं राहिलं ती पीव्हीएच २०२१ च्या नोव्हेंबरातच बंद करून गेली. सर दोन सेकंद थांबले, मग म्हणाले "हो, ती स्लाइड थोडी जुनी आहे, पुढं बघू." थोडी जुनी! समोर युनिफॉर्मच्या धंद्यातली चाळीस माणसं बसलेली, त्यातल्या एखाद्यानं ती स्लाइड बघून जमीन विकून मशिनी टाकल्या असत्या म्हणजे?

स्वस्त मजुरीचं पण तसंच. २०१९ मध्ये हवासाला सुरुवातीचा पगार महिन्याला २६ डॉलर होता, तेव्हाचे अठराशे रुपये. अठराशेत मुलगी खेड्यातून येणार, चारजणींत खोली करणार, खाणार काय आणि घरी पाठवणार काय? म्हणून मुली यायच्या आणि सोडून जायच्या, वर्षभरात जवळजवळ सगळा स्टाफ नवीन. मशीनवर हात बसेपर्यंतच माणूस गेलेलं असायचं. हे मला आपल्याकडं बघून लगेच पटलं. आपलं गाव गिरण्यांचं, मग बीडी कामगारांच्या घरकुलांचं. कामगाराला राहायला घर कुठं हा प्रश्न सोडवल्याशिवाय कारखाना चालत नाही हे सोलापूरला लई वर्षं आधी कळलंय, त्यासाठी किती मोर्चे निघालेत. सर मुंबईचे, त्यांना काय की.

माझ्या मागं एक पद्मशाली काका बसले होते, त्यांच्या तीन पिढ्या मागावर. ते सगळं शांतपणे ऐकत होते. चहाच्या वेळी मला म्हणाले, "काय मालक, पाठवायचं का मग माल?" मी म्हणलं, "काका, माल जातोय हो, पैसे यायला पाहिजेत." काका म्हणाले, "ते तर इथं आपल्या चाटी गल्लीत पण तसंच आहे की." यावर मी काय बोलणार.

चहावरनं आठवलं. ज्या देशानं जगाला कॉफी दिली, ज्याला निर्यातीतून डॉलर मिळवून देणाऱ्या मालात कॉफी कायम वरच्या नंबरात, वर्षाला २ अब्ज डॉलरच्या वर, त्या देशाच्या वर्कशॉपमध्ये मशीनची पावडरवाली कॉफी, ती पण कोमट. तिकडं म्हणे पाहुणा आला की हिरव्या बिया समोर भाजतात, कुटतात आणि तीन वेळा कपात ओततात, तासभर चालतं. इथं कप पण कागदाचा. जेवण मात्र खरंच भारी होतं, त्याला पूर्ण मार्क. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, वांग्याची भाजी, ज्यानं केटरिंग केलं त्याला माझा नमस्कार. तिकडं टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून इंजेरा करतात, आपल्या आंबोळीसारखं पण परातीएवढं, आणि सगळे एका ताटातून खातात, हे काकांना सांगितलं तर म्हणाले मग भांडी कमी पडत असतील.

आता दुसरा दिवस. सकाळचं सत्र सोडून द्या, आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीला लागणारा सरकारी नंबर, कसा काढायचा यात दोन तास घालवले आणि शेवटी "आम्ही ३,५०० मध्ये काढून देतो." अहो सरकारी फी ५०० रुपये आहे, डीजीएफटीच्या (परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याच्या) साइटवर घरबसल्या होतं, माझ्या पुतण्यानं मोबाईलवर केलंय.

दुपारी ते बँकवाले साहेब आले. साधा बुशशर्ट, स्लाइड नाही, फळ्यावर खडूनं लिहायला लागले. त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "वाढीचा आकडा गिऱ्हाईकाची भूक सांगतो, खिसा सांगत नाही." मग त्यांनी २९ जुलै २०२४ ही तारीख लिहिली. त्या दिवशी इथिओपियानं बिर मोकळा सोडला, म्हणजे डॉलरचा भाव सरकारनं ठरवायचा बंद करून बाजारावर टाकला, आणि त्याबरोबर आयएमएफचं चार वर्षांचं ३.४ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. त्याआधी सरकारी भाव ५७ बिरला एक डॉलर, पण त्या भावानं डॉलर मिळायचाच नाही, काळ्या बाजारात जवळजवळ दुप्पट मोजायला लागायचे. मोकळा सोडल्यावर काही महिन्यांत १२० च्या पुढं गेला. ३८ वस्तूंची बंदी पण तेव्हाच उठवली.

इथं मला माझ्या टॉवेलचा हिशोब लागला. माझा अडीच डॉलरचा टॉवेल कागदावर १४२ बिरचा होता, तो ३०० चा झाला. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तुमचा व्यापारी आधीपण १४२ नी हिशोब करत नव्हता, काळ्या भावानंच करत होता, फरक एवढाच की आता बँकेत डॉलर मिळायला लागलाय." बरोबर आहे, पण गिऱ्हाईकाचा पगार काही दुप्पट झाला नाही. त्याच पार्टीची मधे चौकशी आली होती, आता ४५० जीएसएम नको म्हणाली, ३५० द्या, म्हणजे ५०० ग्रॅमचा टॉवेल ४०० च्या आत आला. मी सॅम्पल काढून काट्यावर ठेवला, ३९२ ग्रॅम. हातात घेतला तर पाईल (टॉवेलची वरची लव) एवढी विरळ की उजेडाला धरला की खालची वीण दिसते. आमचा मास्तर म्हणाला, "मालक, हे पुसायचं का गाळायचं?" देशाचं चलन घसरतं म्हणजे काय ते मला त्या काट्यावर कळलं. बातम्यांत टक्केवारी वाचून कळलं नव्हतं.

साहेबांनी अजून एक गोष्ट सांगितली जी कुठंच ऐकली नव्हती. इथिओपियात परदेशी बँकांना परवानगीच नव्हती, कायदा झाला डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे आत्ता कुठं दार किलकिलं झालंय, शेअर बाजार पण जानेवारी २०२५ चा. म्हणून त्यांच्या बँकेची नुसती एलसी (पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) आली म्हणून नाचायचं नाही, तिसऱ्या देशातल्या भक्कम बँकेनं ती कन्फर्म करायला पाहिजे, आणि त्याचा चार्ज कोण भरणार ते आधी लिहून घ्यायचं. कन्फर्म होत नसेल तर निम्मे पैसे ॲडव्हान्स, आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, निर्यातीचे पैसे बुडण्यावरचा विमा घेतल्याशिवाय कंटेनर हलवायचा नाही. मालाचा रस्ता पण समजावला, न्हावाशेवावरून जिबुती, तिथून रेल्वेनं किंवा ट्रकनं आदिसजवळच्या मोजोच्या ड्राय पोर्टला. १९९३ ला इरिट्रिया वेगळा झाल्यापासून इथिओपियाला समुद्रच नाही, ९० टक्क्यांच्या वर व्यापार त्या एका जिबुतीतून. म्हणजे भाडं द्यायचं ते पण डॉलरमध्ये.

मग मला ते धरणाचं पण उमगलं. त्यांनी २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्या आयात करायलाच बंदी घातली, फक्त इलेक्ट्रिक. पहिल्या दिवशीचे सर हे "पर्यावरणप्रेमी देश" म्हणून सांगून गेले होते. अहो कसलं पर्यावरण, पेट्रोल डॉलरनं येतं आणि वीज घरची आहे! घरात विहीर असताना टँकर कशाला मागवायचा, साधं गणित. मला त्या देशाचं कौतुक इथंच जास्त वाटलं, अडचणीतून रस्ता काढायची अक्कल आहे.

शेवटी मिळालेली "२०० व्हेरिफाइड बायरची लिस्ट". एक्सेल शीट, तीच खरी विकतात. मी घरी येऊन अकरा नंबर लावले. सात बंद, एक शाळेचा निघाला, एकानं मलाच विचारलं की तुम्हाला कॉफी पाहिजे का, किती टन. दोघं खरे निघाले, त्यातली एक बाई हॉटेलांना चादरी टॉवेल पुरवते, एकदम पक्की, पहिलाच प्रश्न "कन्फर्म एलसीचा चार्ज तुम्ही भरणार का." तिनं व्हॉट्सॲपवर गाबीचा फोटो पाठवला, त्यांची सुती जाड चादर, चार पदरी, हातमागाची, थंडीत अंगावर घेतात. आमच्या आईला दाखवला तर म्हणाली ही तर आपलीच चादर, फक्त मोर विसरले काढायचे. बाईचं म्हणणं असं की हाताची गाबी आता महाग पडते, मशीनची पण तशीच ऊबदार, पांढरी, काठाला थोडी रंगीत अशी देता का. देतो की, नक्षी विणायचा जकार्ड माग आहे, का नाही द्यायची.

तर जायचं का या वर्कशॉपला? फक्त दुसऱ्या दिवशी दुपारी सोडत असतील तर जा, हजार दीड हजार देऊन. पूर्ण फी भरू नका. आयईसी, बायर लिस्ट, सहा महिन्यांचं ४५,००० चं "हॅण्डहोल्डिंग", यातलं काहीच घेऊ नका. गेलातच तर गाडी हॉलच्या मागच्या गल्लीत लावा, पुढं लावली की वॉचमन शिट्ट्या मारतो. आणि जेवायला लवकर उठा, दीडनंतर शेंगा चटणी संपते.

गाबीची दोन सॅम्पल काल मागावर चढवलीत. बाई म्हणालीय बुधवारी ३ वाजता फोन करते, मी मास्तरला सांगून ठेवलंय, साडेअकराला माझ्या शेजारचे चार लूम बंद ठेवायचे.